देवघेव सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर उघडेना: रोजच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार (दसरा)

आधी सेटअप काय आहे ते लिहून ठेवतो, नाहीतर सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही. आमच्या गावच्या वाचनालयात काउंटरवर एक जुना डेस्कटॉप आहे, आठ जीबी रॅम, त्यावर उबुंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार) होतं, आणि मी २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी बसून लिहिलेला देवघेवचा प्रोग्राम. भाषा पायथन, खिडक्या-बटणं दाखवायला पायक्यूटी५ (क्यूटी नावाची लायब्ररी पायथनमधून वापरायची सोय), मागे एसक्यूलाइट डेटाबेसची एकच फाइल. पुस्तक दिलं, पुस्तक घेतलं, वर्गणी, अनामत, बाकीदारांची यादी, आणि सभासदाच्या कार्डावरचा क्यूआर वेबकॅमने वाचायचा, बास. वेबकॅमसाठी ओपनसीव्ही नावाची लायब्ररी. पाच वर्षं चाललं, कुणी तक्रार केली नाही म्हणून मीही हात लावला नाही.

२०.०४ चा फुकटचा सपोर्ट मे महिन्यात संपला. मॅडम (ग्रंथपाल) तीनदा म्हणाल्या होत्या की स्क्रीनवर कसलीतरी पाटी येते, तर दसऱ्याला वाचनालय बंद असतं, मीही पुण्याहून आलोय, करून टाकू म्हणलं. २०.०४ वरून थेट २४.०४ ला जाता येत नाही, मधे २२.०४ वर थांबावं लागतं, म्हणजे एकाच दिवसात दोन अपग्रेड. सकाळी दहाला बसलो ते साडेचारला उठलो. काल खंडेनवमीची पूजा झालेली, कॅबिनेटवर हळदकुंकू, मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डमधे पाकळ्या. हार काढू का विचारलं तर शिपाईकाका म्हणाले आजच्या दिवस राहूदे.

दोन्ही अपग्रेड व्यवस्थित झाले. नवीन डेस्कटॉप आला, छान दिसतोय, प्रिंटर चालला, मराठी टायपिंग चाललं. मग देवघेवच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं. माउसच्या बाणाशेजारी गोल फिरलं, दोनतीन सेकंद, आणि गायब. ना खिडकी ना एरर. परत केलं, परत तेच. काका मागून बघत होते, म्हणाले, "हार काढायचा का मग?"

डेटाचं मात्र आधीच केलं होतं. फाइल वॉल मोडमधे आहे म्हणजे मुख्य फाइलीशेजारी अजून दोन छोट्या फाइली असतात, नुसती मुख्य फाइल पेनड्राइव्हवर ओढली तर शेवटच्या काही नोंदी त्या छोट्या फाइलीतच राहून जाऊ शकतात, म्हणून एसक्यूलाइटचीच बॅकअप कमांड वापरून कॉपी काढली, इंटिग्रिटी चेक केला, ओके आला. पेनड्राइव्ह खिशात आहे. सोनं वाटून झाल्यावर बघू.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी वाचनालय उघडलं आणि मॅडमनी कपाटातून जुनं देवघेव रजिस्टर काढलं. २०२० च्या आधीचं, अर्धं कोरं. काही न बोलता पट्टीने रेघा मारायला घेतल्या. मला बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पहिलं काम, एरर दिसली पाहिजे. आयकॉनच्या मागे जी डेस्कटॉप फाइल असते त्यात टर्मिनल फॉल्स लिहिलेलं असतं, म्हणून प्रोग्राम काय ओरडतोय ते कुणालाच ऐकू जात नाही. सरळ टर्मिनल उघडून तीच कमांड हाताने चालवली. आली एरर: मॉड्यूल नॉट फाउंड, नो मॉड्यूल नेम्ड पायक्यूटी५.

हे लगेच कळलं. प्रोग्राम स्वतःच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधे राहतो (त्याच्यापुरत्या लायब्ररींचं वेगळं फोल्डर, पुढे नुसतं व्हेन्व लिहितो). व्हेन्वमधला पायथन म्हणजे खरा पायथन नसतोच, सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवणारी लिंक असते. २०.०४ मधे त्या बोटापुढे ३.८ होता, आता २४.०४ मधे ३.१२ आहे. पण लायब्ररी सगळ्या व्हेन्वच्या आत ३.८ नावाच्या फोल्डरमधे बसल्यात आणि नवा पायथन ३.१२ नावाचं फोल्डर शोधतोय, जे नाहीच. घर तेच, दारावरचा नंबर बदलला, पोस्टमन परत गेला.

म्हणजे व्हेन्व नवीन करायचं. जुनं उडवणार होतो पण हात आखडला, नाव बदलून "जुनं" करून बाजूला ठेवलं. (हे लक्षात ठेवा, रविवारी कामाला आलं.)

नवीन करायला गेलो तर म्हणे एन्शुअरपिप (लायब्ररी आणणारं पिप बसवणारा भाग) नाही, आधी व्हेन्वचं वेगळं पॅकेज टाका. टाकलं. मधे घाईत एकदा व्हेन्व चालू न करताच पिप मारलं तर "एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून हाकललं, म्हणजे सिस्टिमच्या पायथनमधे पिपने काही घुसडू देत नाहीत आता. त्या एररमधेच खाली एक जबरदस्तीचा पर्याय दिलेला असतो, सिस्टिम मोडली तरी चालेल अशा नावाचा. तो मी वापरला नाही. नावातच लिहिलंय की.

मग माझी रिक्वायरमेंट्स फाइल, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररींची यादी. त्यात नमपायचं (आकडेमोडीची लायब्ररी) २०२१ च्या सुमाराचं व्हर्जन खिळा ठोकून ठेवलेलं, १.१९. त्याचं ३.१२ साठी तयार पॅकेज नाहीच, म्हणून पिप ते सोर्समधून बांधायला बसलं आणि दोन पानं लाल अक्षरं. डिस्टयुटिल्स नावाची जुनी लायब्ररी ३.१२ मधून काढूनच टाकलीय आणि जुन्या पॅकेजांची बांधणी तिच्यावरच चालायची, तर हे होणारच होतं. नमपाय १.२६ पासून ३.१२ चालतं. मी सरळ फाइलीतले सगळे व्हर्जन नंबर काढून टाकले आणि म्हणलं घे बाबा जे नवीन असेल ते. पायक्यूटी५ ५.१५.११ आलं, ओपनसीव्ही नवीन, नमपाय नवीन, लाल काहीच नाही.

चालवलं. आता वेगळी एरर. म्हणजे प्रगती आहे. दुपारचे दीड, मॅडम काउंटर बंद करून जेवायला गेल्या, मीही गेलो. संध्याकाळी घरी पाहुणे, काहीच झालं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

आजचा पूर्ण दिवस वाया गेला आणि कसा गेला ते नीट लिहितोय कारण लाज वाटण्यासारखा गेला.

प्रोग्राम चालवला की टर्मिनलवर तीन गोष्टी येतात. सगळ्यात वर एक वॉर्निंग, की ग्नोमवर (उबुंटूचा डेस्कटॉप) सेशन टाइप वेलँड आहे ते मी दुर्लक्षित करतोय, वेलँडवरच चालवायचं असेल तर अमुक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) लावा. मधे एक लांबलचक ओळ, की एक्ससीबी नावाचं क्यूटीचं प्लॅटफॉर्म प्लगिन (खिडकी स्क्रीनवर आणणारा जोडभाग) लोड करता आलं नाही, अमुक फोल्डरमधे, जरी ते सापडलं तरी. आणि शेवटी एबॉर्टेड, कोअर डम्प्ड, म्हणजे प्रोग्राम मधेच मेला.

मी वेलँड शब्द वाचला आणि ठरवूनच टाकलं. कारण गोष्ट जुळत होती ना: स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा २०.०४ मधे एक्सऑर्ग होती, २२.०४ पासून वेलँड हेच नेहमीचं सेशन झालं, अपग्रेडमधे बदललेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, मग दोषी तीच. तर आधी ते व्हेरिएबल लावून वेलँडवर चालवलं. एरर बदलली, आता म्हणे वेलँडचं प्लगिन सापडलंच नाही अमुक फोल्डरमधे. मग वेलँडची क्यूटी पॅकेजं एपीटीने (उबुंटूची पॅकेज टाकायची कमांड) टाकली. तीच एरर. मग लॉगआउट करून लॉगिनच्या पानावर कोपऱ्यातल्या चाकावरून उबुंटू ऑन एक्सऑर्ग निवडलं. ती वरची वॉर्निंग गेली, मी खूष, आणि खाली एक्ससीबी आणि एबॉर्टेड जसंच्या तसं. इथेच वेलँड निर्दोष सुटायला पाहिजे होता. पण नाही, मी अजून तासभर धरून ठेवला त्याला.

मग एक्ससीबीच्या मागे. ती लांब ओळ शोधायला टाकली. आणि आता जे केलं ते लिहितो: ओळीच्या मधे अवतरणचिन्हात माझ्या मशीनवरच्या फोल्डरचा पत्ता होता, होम, युजरचं नाव, व्हेन्व, पुढे काय काय. मी तो खोडला. कारण हा माझा खाजगी पत्ता, शोधायला टाकून काय उपयोग, दुसऱ्या कुणाकडे हे फोल्डर थोडंच असणार. पत्ता खोडून बाकीचं शोधलं.

शेकडो उत्तरं. बहुतेक ठिकाणी एकच गोळी, लिबएक्ससीबी-कर्सर नावाचं पॅकेज टाका. टाकलं. काही नाही. नंतर नीट वाचलं तर ते क्यूटी ६.५ पासून लागतं, माझं क्यूटी ५. म्हणजे ताप आमच्याकडे आणि गोळी शेजारच्याची. मग एलडीडी लावून पायक्यूटीच्या फोल्डरमधल्या लिबक्यूएक्ससीबी फाइलीला काय काय मिळत नाहीये ते बघितलं. एक दोन "नॉट फाउंड" होते खरे, झिनेरामाचं वगैरे, ते टाकले, परत एलडीडी, आता एकही नॉट फाउंड नाही, सगळं हजर. चालवलं. एबॉर्टेड, कोअर डम्प्ड.

संध्याकाळी सहाला परीक्षेची पोरं अभ्यासिकेतून उठून पुस्तक बदलायला आली, दहाबारा जणांची लाइन, मॅडम एका हाताने रजिस्टर लिहितायत दुसऱ्या हाताने शिक्का मारतायत. एका पोराने विचारलं कॉम्प्युटर बंदे का. मॅडम म्हणाल्या, "नाही रे, सर दुरुस्त करतायत." सर हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला, एरवी अरे तुरे करतात, शाळेत असताना त्यांनीच मला लहान मुलांच्या कपाटातून मोठ्यांच्या कपाटाकडे सोडलं होतं. फार बोचलं ते सर.

रात्री घरी. लॅपटॉपवर प्रोग्राम चालतोय पण त्यावर वेगळंच काहीतरी इन्स्टॉल आहे, तुलना होत नाही. झोप.

५ ऑक्टोबर, रविवार

सापडलं. सकाळी नऊ ते नऊ वीस. वीस मिनिटं.

क्यूटी डीबग प्लगिन्स हे व्हेरिएबल १ करून चालवलं, म्हणजे क्यूटी कुठलं फोल्डर उघडतंय, कुठली फाइल बघतंय सगळं बडबडतं. भिंतभर मजकूर आला. मी त्यात पायक्यूटी५ चं फोल्डर शोधत होतो, कारण प्लगिन तिथेच असतात, काल एलडीडी त्यालाच लावला होता. तर ते बडबडीत येतच नव्हतं. क्यूटी बघतंय ते फोल्डर: सीव्ही२, त्याच्या आत क्यूटी, त्याच्या आत प्लगिन्स.

सीव्ही२ म्हणजे ओपनसीव्ही. कॅमेऱ्याची लायब्ररी. तिच्या पोटात क्यूटीचं काय काम?

मग कालची एरर परत उघडली. अवतरणचिन्हातला पत्ता, जो मी खोडून शोधत होतो, तो अक्षरशः हाच. कालपासून डोळ्यासमोर. वेलँडच्या एररमधेही हाच पत्ता होता, वेलँडचं प्लगिन सापडत नव्हतं कारण ते पायक्यूटीच्या घरात होतं आणि शोध चालला होता ओपनसीव्हीच्या घरात. मी सबंध शनिवार पायक्यूटीच्या फायली निरोगी आहेत का ते तपासत बसलो, आणि त्या होत्याच निरोगी, त्यांना कुणी विचारतच नव्हतं.

प्रकार असा. पिपवरून येणारं साधं ओपनसीव्ही लिनक्सवर स्वतःच्या खिडक्या दाखवायला क्यूटीची स्वतःची एक कॉपी बरोबर घेऊन येतं. आणि इंपोर्ट झाल्या झाल्या एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावतं की प्लगिन इथे शोधा, माझ्या फोल्डरमधे. मग पायक्यूटी उठतं, स्वतःचं क्यूटी लोड करतं, पण प्लगिन आणायला त्या व्हेरिएबलने सांगितलेल्या पत्त्यावर जातं. तिथलं एक्ससीबी प्लगिन दुसऱ्याच क्यूटीबरोबर बांधलेलं. सापडतं पण लोड होत नाही. "जरी ते सापडलं तरी" याचा अर्थ आत्ता कळला. मला वाटलं होतं एरर लिहिणाऱ्याने उगाच शेपूट जोडलंय.

खात्री म्हणून ओपनसीव्हीच्या इंपोर्टच्या खाली एक ओळ टाकली, ते व्हेरिएबल काढून टाक. चालवलं आणि पहिल्यांदा स्प्लॅश स्क्रीन दिसला, वाचनालयाचं बोधचिन्ह. अर्धा सेकंद. त्याचं पुढे लिहितो.

पण मग प्रश्न, की पाच वर्षं हे का झालं नाही? ओपनसीव्ही आधीही होतंच की. इथे ते बाजूला ठेवलेलं जुनं व्हेन्व आठवलं. त्याच्या ३.८ वाल्या फोल्डरमधे जाऊन नावं वाचली तर तिथे ओपनसीव्ही पायथन नव्हतंच, ओपनसीव्ही पायथन हेडलेस होतं. हेडलेस म्हणजे खिडकीवाला भाग काढलेलं, नुसतं चित्रावरचं काम करणारं, त्यात क्यूटी नसतंच. फोल्डरवरची तारीख २०२१ ची. म्हणजे २०२१ मधे मला हीच अडचण आलेली. मी ती सोडवलेली. हाताने साधं काढून हेडलेस टाकलेलं. आणि रिक्वायरमेंट्स फाइलीत लिहायचं राहिलेलं, तिथे साधंच नाव तसंच. परवा नवीन व्हेन्व केलं तेव्हा फाइलीने इमानेइतबारे जे लिहिलं होतं ते आणलं.

मला यातलं काहीही आठवत नाहीये. कोण तो माणूस, एक कॉमेंट टाकायला काय जात होतं त्याचं.

दुरुस्ती: साधं ओपनसीव्ही काढलं, हेडलेस टाकलं. एक खाचखळगा, दोन्ही पॅकेजं सीव्ही२ याच एका फोल्डरमधे बसतात, त्यामुळे आधी हेडलेस टाकून मग साधं काढलं तर हेडलेसच्याही फायली जातात. आधी दोन्ही काढायची, मग एक टाकायचं. मी अर्थातच उलटं केलं आधी. माझा कॅमेरा क्यूटीच्याच लेबलवर दिसतो, ओपनसीव्हीची खिडकी कुठेच वापरलेली नाही, म्हणून हेडलेसने काही अडत नाही. व्हेरिएबल काढणारी ती ओळ परत काढून टाकली.

आता दुसरा भाग. स्प्लॅश दिसतो आणि लगेच मरतो, शेवटची ओळ परत तीच, एबॉर्टेड, कोअर डम्प्ड. ती बघून पोटात गोळा आला, म्हणलं परत प्लगिन. पण आज शहाणपण होतं, वरच्या ओळी वाचल्या. प्लगिनचं काहीच नव्हतं. पायथनचा साधा ट्रेसबॅक (एरर कुठल्या ओळीत आली त्याचा माग), स्प्लॅशच्या फाइलीत: सेटव्हॅल्यूला पूर्णांक पाहिजे, तुम्ही फ्लोट (दशांशातला आकडा) दिलाय.

प्रोग्रेस बारची ओळ अशी होती: आतापर्यंत वाचलेली पुस्तकं गुणिले १०० भागिले एकूण. पायथन ३ मधे एका तिरप्या रेघेने भागलं की उत्तर नेहमी दशांशात, १०० ला २ ने भागलं तरी ५०.०. जुना पायथन अशा वेळी गुपचूप दशांश तोडून पुढे पाठवायचा. ३.८ मधे त्याने हे बंद होणार अशी सूचना द्यायला सुरुवात केली होती पण ती सूचना मुख्य फाइल सोडून बाकी फायलींसाठी आपोआप लपवलेली असते. ३.१० पासून बंद झालं, आणि आम्ही ३.८ वरून उडी मारून ३.१२ वर.

आणि साध्या टाइपएररला कोअर डम्प का, तर पायक्यूटी ५.५ पासून स्लॉटमधे (क्लिकसारख्या घटनेवर चालणाऱ्या फंक्शनमधे) न पकडलेली एरर आली की क्यूटी सरळ आख्खा प्रोग्रामच आडवा करतं. म्हणून दोन वेगळ्या रोगांची शेवटची उचकी एकसारखी. शेवटच्या ओळीवरून काहीच ओळखू नये.

एकेरी रेघेच्या जागी दोन रेघा टाकल्या, म्हणजे उत्तर पूर्णांकात. खिडकी मध्यभागी आणायच्या ओळीतही तेच, स्क्रीनची रुंदी वजा खिडकीची रुंदी, सगळं भागिले दोन. तिथेही.

उघडला. अकरा चाळीसला उघडला. मॅडम काउंटरवरून उठून बघायला आल्या, एक कार्ड वेबकॅमपुढे धरलं, टिंग वाजलं, सभासदाचं नाव आलं. त्या म्हणाल्या, "झालं ना रे?" परत अरेवर आल्या.

दुपारच्या एसटीने पुण्याला. रजिस्टरमधल्या नोंदी पुढच्या शनिवारी भरायच्या.

६ ऑक्टोबर, सोमवार

वाचनालयाला सुट्टी. कोजागिरी. काही केलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात असताना मॅडमचा फोन. "अरे उघडतंय, पण जास्त दिवस ठेवलेलं पुस्तक परत घेतलं की जातं." म्हणजे?, "म्हणजे जातं. सगळंच जातं."

व्हिडिओ कॉलवर त्यांनी मोबाइल मॉनिटरपुढे धरला, हात हलत होता, टर्मिनल उघडून द्यायला दहा मिनिटं, पण ट्रेसबॅक वाचता आला. विलंब शुल्क. परत सेटव्हॅल्यू, परत फ्लोट.

आता हे मजेशीर आहे. शुल्क दिवसाला पन्नास पैसे. सात दिवस उशीर झाला तर साडेतीन रुपये. हा आकडा मी पूर्णांकवाल्या स्पिनबॉक्समधे (आकडा भरायचा चौकोन) टाकत होतो, आणि जुना पायथन त्यातले पन्नास पैसे गुपचूप तोडत होता. म्हणजे गेली पाच वर्षं उशिराचे दिवस विषम असले की वाचनालय प्रत्येक वेळी पन्नास पैसे सोडत आलंय, आणि कुणाच्याही लक्षात नाही, ऑडिटरच्या पण नाही. मी मॅडमना सांगितलं, जरा घाबरतच. त्या म्हणाल्या, "पन्नास पैसे कोण देतंय आणि मी परत कुठून देऊ. तसंच राहूदे." तर तसंच ठेवलं, फक्त आता तोडणं उघडपणे लिहिलं, वर कॉमेंट: ग्रंथपालांच्या सांगण्यावरून. हा निर्णय कार्यकारिणीचा आहे खरं तर, पण तिथे हा विषय काढला तर तीन मीटिंग जातील.

संध्याकाळी ग्रेप (फायलींत मजकूर शोधणारी कमांड) लावून सगळ्या भागाकाराच्या ओळी काढल्या. एकोणीस. त्यातल्या अकरा क्यूटीला पूर्णांक म्हणून जातात. वर्गणीची पावती छापताना रेघ कुठे मारायची त्यात चार, कार्डावरचा फोटो लहान करताना दोन, बाकी किरकोळ. सगळ्या आज रात्री दुरुस्त.

८ ऑक्टोबर, बुधवार

बदल पाठवले. मॅडमनी फोनवर सांगितल्याप्रमाणे स्वतः कमांड टाकली. पहिल्या फटक्यात. उशिराची तीन पुस्तकं घेऊन बघितली, पावती छापून बघितली. शांत.

११ ऑक्टोबर, शनिवार

गावी. रजिस्टरमधल्या नोंदी भरल्या, शुक्रवार ते रविवार मिळून एकशे त्रेसष्ट. मॅडम दाखल नंबर वाचायच्या, मी टाइप करायचो. मधेच एक नंबर चुकला तर त्या नुसतं पुस्तकाचं नाव ऐकून म्हणाल्या, नाही, ते तर गेल्या वर्षी रद्दबातल केलंय, वाळवी लागलेली. नंबर बघितला, खरंच चारऐवजी नऊ टाइप केला होता मी. प्रोग्रामने मुकाट घेतला असता. रद्दबातल पुस्तकाची देवघेव अडवायची तपासणी आजच टाकली.

बाकी आज केलेलं:

चालू व्हेन्वमधे पिप फ्रीझ मारून नेमके व्हर्जन नंबर नव्या फाइलीत घेतले. हेडलेसच्या ओळीच्या वर मराठीत कॉमेंट, "साधं ओपनसीव्ही टाकू नका, पायक्यूटीचं प्लगिन अडतं, २०२१ आणि २०२५ असं दोनदा झालंय."

न पकडलेली एरर आता आमच्याच फंक्शनकडे येते. तिथे ती तारखेच्या नावाच्या फाइलीत लिहिली जाते आणि मॅडमना एक पाटी दिसते: "काहीतरी चुकलं. या पाटीचा फोटो काढून पाठवा." खाली ट्रेसबॅक बारीक अक्षरात. असं फंक्शन आपण दिलं की पायक्यूटी प्रोग्रामला आडवाही करत नाही. पण हे पायथनच्या एररसाठीच, प्लगिनसारखा घोळ झाला तर पाटीच उमटणार नाही, कारण पाटी दाखवायलाही क्यूटी लागतं. त्यासाठी आयकॉनची कमांड बदलून सगळं आउटपुट एका फाइलीत वळवलं. आयकॉनवरून मेलेल्या प्रोग्रामचं बोलणं युजरच्या जर्नलमधेही (सिस्टिमची नोंदवही) सापडतं असं या गडबडीत कळलं, जर्नलकंट्रोल आणि युजर, शेवटचं पान. गुरुवारीच माहीत असतं तर.

शनिवारी टाकलेली वेलँडची पॅकेजं आणि ती शेजारच्याची गोळी, काढून टाकली. काढल्यावर परत उघडून बघितलं, उघडला.

जुनं व्हेन्व मात्र अजून ठेवलंय. साडेपाचशे एमबी आहे. राहूदे.

१८ ऑक्टोबर, शनिवार (धनत्रयोदशी)

दिवाळी अंकांचा पहिला गठ्ठा आला. अंकांची योजना वेगळी असते, वेगळी वर्गणी, वेगळे दाखल नंबर, एका वेळी एक अंक आणि तो लवकर परत करायचा कारण मागे लाइन. बेचाळीस अंक चढवले, प्रत्येकाला क्यूआरचं स्टिकर. दुपारपर्यंत सत्तावीस बाहेर गेले. एकदाही पाटी आली नाही. चार वाजता वीज गेली तेवढं सोडून, आणि तेव्हा काउंटरखालचं रजिस्टर दोन मिनिटात वर आलं, रेघा मारलेल्याच होत्या.

मॅडमनी विचारलं हे अपग्रेड आता परत कधी. २४.०४ चा साधा सपोर्ट पाच वर्षांचा, म्हणजे २०२९ पर्यंत, असं सांगितलं. म्हणाल्या तोवर मी रिटायर, आणि रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: २०२९, कॉम्प्युटर, हेडलेस. "हेडलेस म्हणजे काय ते लिहू का कंसात?" मी म्हणलं लिहा, आणि सांगितलं. बिनडोक्याचं, असं लिहिलं त्यांनी.